पाठमोरे रविवार

भंगारवाले थर्माकोल घेत नाहीत. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

"ताई, रद्दी द्या, लोखंड द्या, तेलाचे डबे द्या. हे काय मी नेत नाय," असं म्हणून त्याने विमान परत माझ्या हातात ठेवलं आणि गाडी ढकलत पुढे गेला. मी दारात उभी. एका हातात विमान, दुसऱ्या हातात केरसुणी.

विमान हातभर लांबीचं आहे. पंख पिवळे पडलेत, एक पंख कडेला कुरतडलेला, पोटाखाली बांबूची कामटी, आणि नाक जड व्हावं म्हणून त्यात खोचलेला गंजका खिळा. माळा रिकामा करताना पिठाच्या गोणीत सापडलं. वस्तू हुंगत बसायची मला सवय नाही. पण गोणीचं तोंड सोडताच वास आपणहून आला: पांढरा गोंद आणि तापलेल्या तारेने कापलेला थर्माकोल. गोडसर, नाकात चढणारा, डोकं दुखवणारा. इतक्या वर्षांत तो जायला हवा होता.

माळा रिकामा करतेय, कारण घर सोडतेय. इंदिरानगरच्या या दोन खोल्या माझ्या स्वतःच्या. इथे रेश्मा नावाची एक नर्स आणि तिचा नवरा भाड्याने येणार आहेत, आणि मी सिडकोत दत्तात्रय नावाच्या गृहस्थांबरोबर राहायला जाणार आहे. लग्न करणार नाही. त्याची कारणं आहेत, ती आमची आहेत. त्यांची बायको गेली, माझा नवरा मधू गेला, तेही सांगत बसत नाही. सिडकोतलं घर ठरलं, टेम्पो ठरला, गॅसवाल्याला कळवून झालं. राहिली ती किल्ली. रेश्मा फोन करते, "मावशी, किल्ली कधी देताय?" मी म्हणते, "रविवारी संध्याकाळी नक्की सांगते." रविवार येतो, मी फोन उचलत नाही. किल्ली दिली की परतायला जागा उरत नाही. ती माझ्या पर्समध्ये आहे, आणि मी सारखी पर्स चाचपते. आपल्याच घराची चोरी केल्यासारखी.

भीती कसली आहे, ते मला नीट माहीत आहे. दत्तात्रयांची नाही. माणूस निर्व्यसनी, भांडी घासून ठेवतो, टीव्हीचा आवाज कमी ठेवतो. मला भीती आहे रविवारची. सोमवार ते शनिवार मी निफाडजवळ एका पॅकहाउसवर द्राक्षं तपासते. घड उचलायचा, फिरवायचा, मणी पारखायचा, खाली ठेवायचा. त्यात दिवस जातो आणि संध्याकाळी बोटांना गोड चिकट वास येतो. पण रविवारी दुपारी चार वाजता, जेवण झालेलं, झोप झालेली, अशी दोन वयस्कर माणसं दोन खोल्यांत समोरासमोर बसून करतात काय? मी भिते ती एवढ्यासाठी. कोणाला सांगितलं तर हसतील.

दत्तात्रय एसटीचे ड्रायव्हर होते. माझी सकाळची निफाडची गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती, आणि माझी जागा ठरलेली: चालकाच्या लगेच मागे, जाळीला गुडघे टेकवून. त्यामुळे हा माणूस मी पाठीकडून ओळखते. मानेवर कॉलरची पांढुरकी रेघ. थंडीत कानाभोवती तपकिरी मफलर. वळण आलं की उजवा खांदा आधी खाली जायचा, मग गाडी वळायची. चेहरा म्हणजे आरशातले दोन डोळे, तेही रस्त्यावर. कंडक्टरने दोरी ओढून डबल बेल दिल्याशिवाय ते गाडी हलवत नसत. मध्ये चहाला थांबलो तर निघताना मान न वळवता विचारायचे, "सगळे आले का?" कुणीतरी मागून "आले" म्हणायचं. मग बेल. मग गाडी.

निवृत्त झाल्यावर ते मला दिसले भाजीबाजारात, मेथीची जुडी उलटसुलट करताना, पाठमोरे. मी मागूनच म्हटलं, "दत्ताभाऊ ना?" ते वळले. पाठ ओळखीची होती, चेहरा मात्र परका वाटला. अजूनही कधी कधी वाटतो.

मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. एसटीत सगळेच म्हणतात. आता पंचाईत झाली. भाऊ म्हणवत नाही, नुसतं नाव घ्यायला जीभ वळत नाही, आणि 'अहो' माझं एकदा वापरून झालंय. म्हणून आम्ही एकमेकांना हाकच मारत नाही. "ऐकलं का" म्हणतो, नाहीतर खाकरतो.

सिडकोतलं घर बघायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, "कोण कोण राहणार?"

मी घाईत बोलून गेले, "मी आणि दत्ताभाऊ."

"बहीण-भाऊ होय! छान. आजकाल कोण विचारतं हो बहिणीला," म्हणत त्यांनी चहाच्या आधणात पाणी वाढवलं.

दत्तात्रय दाराशी चपला काढत होते. एक काढलेली, एक पायात. म्हणाले, "बहीण नाय. आम्ही दोघं सोबत राहणार हाय. तुम्हाला चालत असंल तर ही काढतो, नायतर ती घालतो."

मालकीणबाई आधणाकडे बघत राहिल्या. पाणी उकळलं. मग त्या म्हणाल्या, "ओला-सुका कचरा वेगळा ठेवावा लागेल. साखर किती घेता?"

दत्तात्रयांचं बोलणं असं. लागेल तेवढं, मग गप्प. त्या गप्प बसण्याचीच मला धास्ती.

पुण्याहून मुलीचा, मुक्ताचा फोन आला. तिला सगळं पसंत आहे, तिचे प्रश्न मात्र मुलाखतीसारखे असतात.

"आई, त्यांचे छंद काय आहेत?"

"बसणं."

"म्हणजे?"

"खुर्चीत बसतात."

"बरं. आणि तुझे?"

मी हातातली इस्त्री फिरवत राहिले.

"बघ! अगं, ठरवा ना काहीतरी दोघं मिळून. फिरायला जा. खर्चिक नको काही. नाशकात काय कमी जागा आहेत?"

तसं मी दत्तात्रयांना विचारलं. ते म्हणाले, "लय फिरलो. आता कुठं नेता? त्र्यंबक, देवीचा गड, शिर्डी, सगळं पाहिलंय."

"काय पाहिलंत?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "स्टँड," म्हणाले. मग जरा वेळाने, "गडावरचा चहा बरा असतो."

सिडकोतल्या त्या घराच्या मागच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. त्या दिवशी मालकीणबाई नळ कुठला गोड्या पाण्याचा ते दाखवत होत्या आणि मी डोंगराकडे बघत होते. तिथून दोन गल्ल्या पलीकडे आमची खोली होती. माझी आणि मधूची.

एकच खोली. दार उघडलं की पलंगाला लागायचं, म्हणून पाहुण्याने आधी डोकं आत घालायचं आणि मग बाकीचं. ओटा, मोरी, खिडकी, एक लोखंडी कपाट. मधू ओझरच्या विमान कारखान्यात होता. पहाटे कंपनीची बस चौकात यायची आणि सगळ्या गल्लीत एकदम स्टोव्ह पेटायचे. रॉकेलचा भपका, पिनेने बर्नर साफ करण्याची करकर, कुठल्यातरी घरातून भाकरी थापल्याचा आवाज. ती सकाळ अजून माझ्या कानात आहे, पण तशी सकाळ आता कुठे होत नाही. गॅसला आवाज नसतो.

आम्ही एकमेकांना एकदाच पाहिलं होतं, पोह्यांच्या बशीवरून. पहिल्या रविवारी आम्ही समोरासमोर बसलो. मी पलंगावर, तो खुर्चीत. चहा झाला. पुन्हा चहा झाला. त्याने माझ्या माहेरच्या विहिरीला पाणी किती, ते विचारलं. मी त्याच्या कारखान्यात कँटीन आहे का, ते विचारलं. मग विषय संपले. आयुष्य समोर पसरलेलं आणि विषय दुपारीच संपले!

चार वाजता मधू उठला. खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि म्हणाला, "आता सहापर्यंत मी घरात नाही. तूही नाहीस."

मला आधी राग आला. मग मी ओट्याकडे तोंड करून पाटावर बसले आणि ओट्यावरचा डाग पुसला. मग पुसायला काही उरलं नाही. मागे त्याची खुडबुड चालली होती, कात्री, कागद, मेणबत्तीवर काहीतरी तापवल्याचा वास. वळून बघायचं नाही, असा नियमच झाला होता, कुणी न सांगता. सहा वाजता तो म्हणाला, "आलो." मी म्हटलं, "मीही आले." आणि का कोण जाणे, आम्हाला बोलायला विषय मिळाले.

दर रविवारी चार ते सहा आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसायचो. तो विमानं करायचा. टीव्हीच्या दुकानात खोक्यांबरोबर येणारा थर्माकोल फुकट मिळायचा, तो आणायचा, तार तापवून कापायचा. तार थर्माकोलमध्ये शिरताना बारीक चुर्र आवाज होतो, आणि धूर खोलीभर. मी खोकायचे, पण वळायचे नाही.

आणि मी शीळ वाजवायला शिकले. माझ्याकडे थर्माकोल नव्हता, दोरा-सुई मला आवडत नव्हती, आणि तोंड रिकामंच होतं. पहिले काही रविवार नुसती हवा निघाली. मग एक सूर निघाला, बारीक, कुकरच्या शिट्टीआधी वाफ जशी कुरकुरते तसा. मग दोन. भिंतीपलीकडे सुमनवहिनी राहायच्या. त्यांनी भिंतीवर लाटणं आपटलं.

"कोण गं ते? शीळ घालू नये, घरात साप येतो!"

"तो रात्री येतो वहिनी. आत्ता चार वाजलेत."

"दिवसा घातली तर पुरुष येतात. ते त्याहून वाईट!"

मधूच्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला, पण तो 'घरात नव्हता' म्हणून त्याने ते दाबलं. दिवाळीपर्यंत सुमनवहिनींचा आवाज बदलला. "अगं, ते मागच्या रविवारचं वाजव ना. कणीक मळताना बरं वाटतं."

सकाळी मात्र आम्ही बाहेर. चौकातल्या थांब्यावर उभं राहायचं, बसची पाटी वाचायची नाही, पहिली येईल तीत चढायचं आणि शेवटच्या थांब्याला उतरायचं. म्हसरूळला भट्टीतल्या विटांचा भाजका वास. मखमलाबादला द्राक्षबागांवर मारलेलं गंधक, डोळे चुरचुरायचे. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या क्रेट्सचे डोंगर, खाली सांडलेल्या टोमॅटोवर चिखलात घसरतात तसे पाय घसरायचे आणि अख्खा बाजार आंबूस. तिथे आमचं काही काम नसायचं. आम्ही हिंडायचो, कुणी विचारलं तर मधू म्हणायचा, "पाहुण्यांकडे आलोय," आणि मी म्हणायचे, "घर सापडत नाहीये." लोक घर शोधून द्यायला निघायचे. मग आमची त्रेधा उडायची.

आणि विमान तयार झालं की डोंगर. लेण्यांपर्यंत चढायचंच नाही. मधल्या टप्प्यावर एक सपाट कातळ आहे, तिथे संध्याकाळचा वारा चढतो. मधू विमान फेकत नसे. हात लांब करून उभा राहायचा आणि वारा आला की बोटं सोडायचा. "द्यायचं वाऱ्याला," म्हणायचा, "फेकलं की ते रुसतं." ते तरंगत जायचं, हायवेवरून, मळ्यांवरून, आणि मी शीळ घालायचे. तिथे ना वहिनी होत्या, ना साप. नियम असा की विमान पडेल तिथे चालत जायचं. तीच आमची सहल.

एकदा ते डोंगराखालच्या पाथर्डीत कुणाच्या अंगणात, बाजेवर वाळत घातलेल्या पापडांवर उतरलं. बाई लाटणं घेऊन धावून आल्या. "कोणाचं हाय हे कार्टं?" मधू पुढे झाला. मिशीवाला, चष्मेवाला, ओझरचा कामगार. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुमचं? पोराचं नाय?" "माझंच." "आणि ही?" "ही शीळ वाजवते." बाई खाली बसून हसायला लागल्या. फुटलेले पापड बाजूला केले आणि आम्हाला उडदाच्या लाट्या दिल्या, तेलात बुडवून. हिंगाचा तो कच्चा, झणझणीत वास आणि दातांना चिकटणारं पीठ. मी त्यानंतर पुष्कळ लाट्या खाल्ल्या. त्या बाईंच्या हातची चव सापडली नाही, आणि ते घरही नाही. तिथे आता गाड्यांच्या शोरूमचं काचेचं तोंड आहे.

पुष्कळ काही नाही आता. आमच्या खोल्यांची रांग तीन मजली झाली. टीव्ही चपटे झाले, त्यांची खोकीही. बस ऑनलाइन दिसते, कुठली आधी येणार ते घरातूनच कळतं. मुक्ता झाल्यावर चार ते सहा तिचेच झाले. मधू गेल्यावर चार ते सहा मी कपडे इस्त्री करते. शीळ मी परत घातली नाही. ठरवून नव्हे. तोंडात यायचीच बंद झाली.

भंगारवाला परत करून गेलेलं ते विमान मी कचऱ्यातही टाकू शकले असते. सुका कचरा. हातही पुढे केला. मग पिशवीत घातलं, चिवड्याचा स्टीलचा डबा घातला, आणि दत्तात्रयांना फोन केला.

"आज रविवार. डोंगरावर जायचंय. चार वाजता. फार चढायचं नाही."

"तिथं स्टँड हाय का?"

"नाही."

"येतो," म्हणाले.

कार्तिकातलं ऊन होतं, पिवळं आणि हलकं. पायथ्याशी पेरूवाले बसले होते, मीठ-तिखट लावलेल्या पेरूंचा वास सुटलेला. दत्तात्रय पायऱ्या सावकाश चढले, एक पाय, मग दुसरा, गुडघ्यावर हात. मी पर्स चाचपत होते. किल्ली जागेवर होती. माझ्या मनात सारखं येत होतं की हे चुकतंय. मेलेल्या माणसाचं विमान घेऊन जिवंत माणसाला डोंगर चढवायला लावतेय, त्याचे गुडघे दुखतायत, तो बोलत नाहीये, आणि असे रविवार किती काढायचे आम्ही? पंधरा वर्षांचे? वीस?

कातळ तिथेच होता. वारा चढत होता. मी विमान काढलं. दत्तात्रयांनी ते हात न लावता निरखलं.

"मधुकररावांचं?"

"हो."

"हात चांगला होता."

मी हात लांब केला, वाऱ्याची वाट बघितली, बोटं सोडली. पंख कामटीपासून निसटला. विमान तरंगलंच नाही. कोलमडून समोरच्या घाणेरीच्या झुडपात पडलं, पंख आपला वेगळा, भिरभिरत खाली.

आम्ही दोघं बघत राहिलो.

"फिटनेस संपली होती त्याची," दत्तात्रय म्हणाले.

मला राग यायला हवा होता. पण माझ्या तोंडून जे निघालं ते हसू होतं, आणि ते थांबेना, इतकं की मी कातळावर बसले. दत्तात्रय हसले नाहीत. ते झुडपापाशी उतरले, गुडघ्यावर हात ठेवत, काटे बाजूला करत. धड आणलं. पंख आणला. पुन्हा खाली गेले.

"राहू द्या हो आता," मी ओरडले. "काय शोधताय?"

ते बराच वेळ वाकून होते. मग वर आले आणि माझ्या तळहातावर गंजका खिळा ठेवला. "नाकाचा," म्हणाले. घाणेरीचा उग्र वास त्यांच्या बाहीला लागला होता.

मी तिन्ही वस्तू पिशवीत घातल्या. मग आम्ही समोरासमोर बसलो आणि ज्याला मी भीत होते ते झालं. चिवडा झाला. बरा आहे म्हणून झालं. तिखट जरा कमी म्हणून झालं. विषय संपले. दत्तात्रय स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मग मी म्हटलं, आवाज थोडा मोठाच निघाला, "ऐकलं का. आता ऊन जाईपर्यंत मी इथे नाही. तुम्हीही नाही." आणि डोंगराकडे तोंड करून वळून बसले.

आता विचारतील, असं वाटलं, काय चुकलं म्हणून. मग कातळावर कापड घासल्याचा आवाज झाला. तेही वळले, हायवेकडे तोंड करून. त्यांची पाठ माझ्या पाठीला लागली नाही, पण ऊब कळण्याइतकी जवळ होती.

"हे जमतं मला," ते म्हणाले.

मी तिथे नव्हते.

"आयुष्य असंच गेलं. मागं माणसं बसलेली, आपण पुढं बघायचं. पाटीच लावलेली, चालकाशी बोलू नये." मग म्हणाले, "मला लय धाक होता, ताई. म्हटलं आता घरात समोर बसावं लागंल. रोज नवं बोलावं लागंल. तेवढं कुठून आणू मी?"

ताई म्हणून गेले ते. मी दुरुस्त केलं नाही.

खाली हायवे घुमत होता. मला तो एकसारखा ऐकू येत होता, घाटातल्या पाण्यासारखा. पाठीमागून मात्र मधूनच आवाज यायचा, मला सांगितल्यासारखा नाही, स्वतःशी: "ही धुळ्याची... गिअर जड पडतोय... ही घाट चढून आली, तापलीय." मग, "अरे, ह्या पोरानं क्लच भाजला." ते रस्त्याकडे बघत होते, की डोळे मिटून ऐकत होते, मला माहीत नाही. मी वळले नाही. खुर्चीत नुसते बसतात, असं मी मुक्ताला सांगितलं होतं. त्यांच्या खुर्चीजवळच्या खिडकीखालून रस्ता जातो, ते मला आता आठवलं.

मी ओठ जुळवले. शीळ येते का बघावं म्हटलं. पुढच्या दाताला कॅप बसवल्यापासून फट राहिली नाहीये, नुसती हवा गेली. पुन्हा केलं. पुन्हा हवा. पहिल्या रविवारसारखी. तेव्हाही काही रविवार लागले होते सूर निघायला.

फोन वाजला. रेश्मा. मी पर्समध्ये हात घातला तर आधी किल्ली लागली, मग फोन.

"मावशी, सॉरी हं, पुन्हा विचारतेय. किल्ली उद्या तरी मिळेल ना? नाहीतर आम्ही दुसरीकडे..."

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं. "सातच्या आत, मला निफाडची गाडी असते. शेगडी मी नेतेय, तुमची आणा. मागची खिडकी जोरात ओढल्याशिवाय लागत नाही, ती दाखवते. किल्ली तेव्हाच देईन."

"थँक्यू मावशी!"

फोन ठेवला. पाठीमागची ऊब जागची हलली नाही. रविवारची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ती तिथेच आहे, पण तिला आता बसायला जागा मिळाली.

ऊन लेण्यांवरून वर सरकलं आणि कातळ गार झाला. उतरायला हवं होतं, अंधारात त्यांचे गुडघे साथ देणार नाहीत. मधू असता तर "आलो", "मीही आले" झालं असतं. ते शब्द मी उच्चारले नाहीत, ते त्या खोलीचे होते. हाक मारावी तर काय म्हणून मारायची? मी चिवड्याचा रिकामा डबा उचलला आणि त्याच्या झाकणावर बोटाच्या पेराने ठोकलं. टण. टण.

दत्तात्रयांचा उजवा खांदा खाली गेला, आणि ते उठले. मफलर सारखा केला. मान न वळवता, समोर उतरणाऱ्या पायऱ्यांकडे बघत विचारलं,

"सगळे आले का?"

मी पिशवीत हात घातला. धड, पंख, खिळा.

"आले," मी म्हटलं. "चला."